मूळ रंगीत प्रत जोडावी

मास्तरांनी ते पत्र लिहिलं नसतं तर पुढचा घोळ झालाच नसता. वाचनालयाच्या छायाचित्र स्पर्धेसाठी चव्वेचाळीस जणांनी फोटो द्यायचं ठरवलं होतं आणि त्यातल्या त्रेचाळीस जणांनी माहितीपत्रक उघडूनही पाहिलं नव्हतं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, एकदा चष्मा लावून आणि एकदा चष्मा पुसून. तेव्हा त्यांना दिसलं की नियम सात म्हणतो, 'संगणकाच्या साहाय्याने बदल केलेली छायाचित्रे बाद ठरतील' आणि नियम अकरा म्हणतो, 'कृष्णधवल छायाचित्रांचे स्वागत आहे.' मास्तरांचा फोटो काढला होता रंगीत आणि कृष्णधवल केला होता संगणकाने. म्हणजे सात नंबर त्याला दारातून हाकलत होता आणि अकरा नंबर या, बसा म्हणत होता. दुसरा कुणी असता तर अकरा नंबरचं बोट धरून गुपचूप आत शिरला असता. मास्तर टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला आणि 'सविनय खुलासा मागविणेबाबत' असा विषय लिहून त्याखाली पट्टीने रेघ मारली.

इथे सांगायला हवं की मास्तर शाळेतले मास्तर नव्हेत. रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते शेड जुळवायच्या टेबलावर होते. गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा आणि कारखान्यात बनलेला रंग शेजारी शेजारी ठेवायचे, आणि दोन्ही एकच आहेत की नाहीत ते सांगायचं. मास्तर 'हो' म्हणाले की डबे बाहेर पडायचे. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवायचे. नमुन्याशेजारी पांढरं कार्ड ठेवायचं आणि आधी पांढरं बघायचं. पांढरं पिवळट दिसलं तर दोष उजेडाचा. पांढरं पांढरंच दिसलं, तर रंग जो दिसतोय तो खरा. निवृत्तीनंतर हे ज्ञान वापरायला जागा उरली नाही, म्हणून त्यांनी ते इमारतीवर वापरलं. जिना रंगवायला निघाला तेव्हा मास्तरांनी रंगाऱ्याला सांगितलं की पहिल्या मजल्याचा पांढरा आणि दुसऱ्या मजल्याचा पांढरा वेगळा आहे. रंगारी म्हणाला, डबा एकच आहे. मास्तर म्हणाले, असेल, पण पांढरे दोन आहेत. तेव्हापासून तो रंगारी या रस्त्यावरून जाताना पलीकडच्या बाजूने जातो.

फोटो बायकोचा होता. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

स्पर्धेचा विषय होता 'घरातलं माणूस'. निवडलेले बारा फोटो वाचनालयाच्या वाचनकक्षात कायमचे लावले जाणार होते. त्या वाचनकक्षात खिडकीजवळच्या खुर्चीत ती एकवीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी बसली होती. ती खुर्ची कुणाच्या नावाची नव्हती, पण त्या दोन दिवशी तिथे दुसरं कुणी बसत नसे. समोरची भिंत रिकामी होती. मास्तरांना बक्षीस नको होतं, प्रमाणपत्र नको होतं. त्यांना तिला त्या भिंतीवर, तिच्याच खुर्चीसमोर लावायचं होतं. या वयात माणसाने एवढीच एक इच्छा धरावी आणि तीही नियम सातमध्ये अडकावी, हे बरं नव्हे.

शिवाय घरात तिचा धड फोटो नव्हता. दिवाणखान्यात जो होता तो मुलीने घाईत कुठल्याशा समारंभाच्या मोठ्या फोटोतून कापून काढलेला. त्यात तिच्या खांद्यावर कुणाचा तरी कोपर आला होता. कोपर कुणाचा यावर नातेवाइकांत अजून एकमत झालेलं नाही. भेटायला आलेले लोक हळहळायचे, डोळे पुसायचे आणि मग मान वाकडी करून त्या कोपराकडे बघत राहायचे.

आजाराबद्दल मास्तर फारसं बोलत नसत. पित्ताशयाचं दुखणं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "दोन-अडीच महिने आधी आणलं असतंत तर..." आणि त्यांनी वाक्य अर्धंच ठेवलं होतं. ते अर्धं वाक्य मास्तरांनी स्वतःच पुरं करून टाकलं होतं. "अडीच महिने आधी काही नव्हतंच हो," ते प्रत्येकाला सांगायचे. "असतं तर मला दिसलं नसतं का? चौतीस वर्षं काय केलं मी? माझ्या डोळ्यांसमोर माणूस पिवळं पडलं आणि मला कळलं नाही, असं होईल का?" समोरचा माणूस म्हणायचा, नाही नाही, कसं होईल. मास्तर मान हलवायचे. त्यांचे दिवस या एका वाक्याच्या आधाराने चालले होते, आणि ते इमारतीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

तर पत्र गेलं. चार दिवसांनी उत्तर आलं: 'आपले पत्र मिळाले. विषय विचाराधीन आहे.'

वरच्या मजल्यावर परिपत्रककाका राहायचे. जन्मभर सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि अजूनही कुणी नुसतं 'आज काय वार' असं विचारलं तरी संदर्भासकट सांगणारे. त्यांनी पत्राची प्रत वाचली आणि कपाळावर हात मारला.

"मास्तर, अहो विचारायचं नसतं! विचारलं की 'नाही' म्हणणं हे त्यांचं कर्तव्य होतं. कळवायचं असतं. 'नियम अकरानुसार सोबत छायाचित्र जोडले आहे.' खलास! सात नंबरचा उल्लेखसुद्धा करायचा नाही."

"पण सात नंबर आहे ना."

"असू दे की. त्याला कुठे तोंड आहे?"

समोरच्या काकूंचा सल्ला याहून सोपा होता. "सांगायचं, कॅमेराच जुना होता, त्यात रंग येतच नाहीत. तुमच्याकडे बघून कुणालाही पटेल." मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, सोडून द्या ना. कशाला त्रास करून घेता?" मुलगी भली होती, पण तो कोपरवाला फोटो तिनेच कापला होता. मास्तरांनी तिचा सल्ला ऐकून घेतला आणि जेवलात का, असं जावयालाही विचारून फोन ठेवला.

खरा भडका उडाला तो तळमजल्यावर. तिथे पोपटवाले राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, एक पोपट होता. विषय 'घरातलं माणूस' म्हटल्यावर त्यांनी पोपटाचा फोटो दिला, आणि तोही कृष्णधवल करून. पोपटाचा रंग काढल्यावर पोपटात काय उरतं, हा प्रश्न मास्तरांना पडला होता. पण तो त्यांनी मनातच ठेवला. आता मास्तरांच्या पत्रामुळे तो पोपट विचाराधीन झाला. तो एकटाच नव्हे, एकूण नऊ फोटो विचाराधीन झाले. पोपटवाले जिन्यात भेटले की मास्तरांकडे न बघता वर बघून म्हणायचे, "काही लोकांना स्वतःही खायचं नसतं आणि दुसऱ्यालाही खाऊ द्यायचं नसतं." वर बघितल्यावर त्यांना दोन पांढरे दिसत असतील की नाही, देव जाणे.

अखेर वाचनालयात समितीची बैठक झाली. चिटणीस, ग्रंथपालबाई आणि खास बोलावलेले परीक्षक. दोन तास चर्चा झाली. चिटणीसांचं म्हणणं, बटण दाबलं म्हणजे बदल केला. परीक्षकांचं म्हणणं, रंग काढल्याने फोटो बदलत नाही, आकाशात नसलेले पक्षी घातले तर बदलतो. चिटणीस म्हणाले, मग पोपटाचं काय? परीक्षक म्हणाले, तो आकाशात नाही, पिंजऱ्यात आहे. शेवटी ठराव झाला आणि नऊही जणांना पत्रं गेली: संगणकाच्या साधनाने केलेले कृष्णधवल रूपांतर ग्राह्य धरण्यात येईल. मात्र रंगाखेरीज अन्य काही काढले वा घातले नाही, याची खात्री पटवण्यासाठी मूळ रंगीत प्रत जोडावी. तसेच सोबतच्या घोषणापत्रावर सही करावी. मुदत शनिवार दुपारी चार.

परिपत्रककाका पत्र हातात घेऊन खाली आले आणि नाटकातल्या दूतासारखे दारातच उभे राहिले. "जिंकलात! तुमच्यामुळे नियम बदलला. आता मूळ प्रत द्या की झालं."

मास्तर खुर्चीत बसले. "मूळ प्रत नाहीये," ते म्हणाले.

"नाहीये म्हणजे?"

"मी पुसली."

झालं होतं असं. एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहाचा कप धरून उभी होती. बाहेर कुणाचं तरी भांडण चाललं होतं आणि ती ते मन लावून ऐकत होती. मास्तरांनी कॅमेरा आणला आणि तिला कळायच्या आत फोटो काढला. तिने कॅमेरा हातात घेऊन मागच्या छोट्या काचेवर तो बघितला.

"मी पिवळी दिसतेय का हो?"

मास्तरांचा चष्मा कपाळावर होता. तो त्यांनी खाली घेतला नाही. "बल्बमुळे गं," ते म्हणाले. "तो मेला पिवळा बल्ब सगळ्याची वाट लावतो. स्टुडिओवाल्याकडून कृष्णधवल करून आणतो, प्रश्नच मिटला."

ती हसली होती. "चौतीस वर्षं लोकांचे रंग जुळवलेत, आणि बायकोची पाळी आली तर रंगच काढून टाकताय!"

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याने तो कृष्णधवल करून छापून दिला. फोटो अप्रतिम आला. तिने तो हातात धरून बराच वेळ पाहिला. "हा ठेवा," म्हणाली. "आणि तो पिवळा पुसून टाका. नाहीतर तुम्ही सगळ्यांना दाखवत सुटाल." मास्तरांनी तिच्यासमोरच पुसला. बायकोने सांगितलेली कामं ते सहसा दुसऱ्या आठवड्यावर ढकलत. हे एकच काम त्यांनी त्याच मिनिटाला केलं होतं.

"स्टुडिओवाल्याकडे असेल," परिपत्रककाका म्हणाले. दोघं स्टुडिओत गेले. स्टुडिओवाला म्हणाला, जुना संगणक बंद पडला, माळ्यावर टाकलाय, त्यातलं काही हाती लागणार नाही. पण तो मदत करणारा माणूस होता, आणि मदत करणाऱ्या माणसांपासून जपून राहावं लागतं. "रंगच हवेत ना?" तो म्हणाला. "मग घालू की! आता असं साधन आलंय, काळ्यापांढऱ्या फोटोत आपोआप रंग भरतं."

त्याने बटण दाबलं. पडद्यावर ती हळूहळू रंगीत झाली. ओठ लालसर झाले. स्वेटर निळा झाला. गाल चांगले गुलाबी झाले, उन्हातून चालून आल्यासारखे.

मास्तर पडद्याकडे वाकले. एवढी ठणठणीत ती त्यांनी शेवटची कधी पाहिली होती, तेच त्यांना आठवेना.

"देऊन टाका हाच," परिपत्रककाका कानाशी कुजबुजले. "कुणाला कळतंय?"

"स्वेटर निळा नव्हता," मास्तर म्हणाले. "हिरवा होता. हिरवाही नाही, हिरव्यात राखाडी. मी स्वतः लोकर निवडली होती, दुकानाबाहेर उन्हात नेऊन." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि हे मूळ नाही. मूळ म्हणून खोटं द्यायचं, तेही हिचं? नाही जमायचं मला."

परिपत्रककाका चिडले. त्यांनी जन्मात असंख्य अर्ज फेटाळले होते. स्वतःचाच अर्ज असा फेटाळणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

शुक्रवारी मास्तरांनी हात टेकले. आणि शनिवारी दुपारी तीन वाजता परिपत्रककाका जिन्यावरून ओरडतच आले. त्यांनी मास्तरांना न विचारता दोन दिवस स्टुडिओवाल्याच्या डोक्यावर बसून माळ्यावरचा संगणक खाली काढायला लावला होता. एक ओळखीचा दुरुस्तीवाला गाठला होता. "सापडला! मूळ! रंगीत! स्टुडिओवाल्याने थेट वाचनालयात पाठवलाय. चला, बूट घाला!"

मास्तर बूट घालून निघाले. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं की आपण चक्क भराभर चालतोय. आठ महिन्यांत असं झालं नव्हतं. आज संध्याकाळपर्यंत ती त्या भिंतीवरच्या बारांत असेल, असं त्यांना वाटत होतं आणि तसं वाटायला आता काही हरकतही नव्हती.

वाचनकक्षात पडदे ओढले होते. भिंतीवर मोठा पांढरा पडदा लावून समिती एकेक मूळ प्रत तपासत होती. आधी पोपट आला. मूळ पोपट हिरवा निघाला. चिटणीसांनी तशी नोंद केली. पोपटवाल्यांनी आठवडाभराचा राग विसरून मास्तरांकडे बघून मान डोलावली.

मग ती आली, भिंतभर.

मास्तरांनी आधी पांढरं बघितलं. ते मुद्दाम केलं नाही, चौतीस वर्षांची सवय होती. तिच्या हातातला कप पांढरा होता, स्वच्छ पांढरा. तिच्यामागचा खिडकीचा पडदा पांढरा होता. खिडकीची चौकट पांढरी होती. तिन्ही पांढरे आपापल्या जागी अगदी बरोबर होते. वर बल्ब होता, तो विझलेला होता. खिडकीतून भर दुपारचा उजेड येत होता, रंग तपासायला त्याहून चांगला उजेड नसतो. स्वेटर हिरव्यात राखाडी होता, जसाच्या तसा.

मग त्यांनी तिच्याकडे बघितलं.

कपाभोवतीची बोटं पिवळी होती. कपाळ पिवळं होतं. खिडकीबाहेर बघणाऱ्या डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती. ते डॉक्टरांकडे गेले त्याच्या अकरा आठवडे आधीची.

"झकास," परीक्षक म्हणाले. "रंग काढलाय, बाकी काडीचाही फरक नाही. आणि काढला तेच बरं केलं. रंगीतमध्ये तो पिवळेपणा पहिल्यांदा डोळ्यांत भरतो."

"म्हणजे बाई तेव्हापासूनच..." ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी टेबलावरचे कागद उगाचच सारखे केले.

चिटणीसांनी घोषणापत्र पुढे सरकवलं. "करा सही, मास्तर. नियमात चपखल बसतंय."

मास्तरांनी पेन उघडलं. घोषणापत्र एकाच ओळीचं होतं: 'मूळ छायाचित्रात दिसणारी कोणतीही गोष्ट मी लपवलेली नाही.' त्यांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"काय झालं?" चिटणीस म्हणाले. "अहो, रंग काढायला परवानगी आहे. तुम्हीच विचारलं होतंत ना?"

"हो."

"मग?"

"वाक्य खरं नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागद जसा होता तसा चिटणीसांपुढे सरकवला आणि सगळ्यांना नमस्कार करून बाहेर पडले. तिच्या खुर्चीला वळसा घालून जावं लागलं. त्यांनी तिच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला, खुर्चीच्याच.

परिपत्रककाका रस्त्यात त्यांना गाठून म्हणाले, "मास्तर, लपवलंय काय तुम्ही? सगळं तर दाखवलंत!" मास्तर थांबले नाहीत. काकांनी आणखी दोन कलमं सांगितली. मग त्यांनी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. पुढचा रस्ताभर ते मास्तरांच्या शेजारून नुसते चालत राहिले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्याजवळ सांगण्यासारखा एकही नियम नव्हता.

वाचनकक्षातल्या त्या भिंतीवर आता पोपट आहे. काळापांढरा, बरा दिसतो. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलं की तो बरोबर समोर येतो. पोपटवाल्यांनी स्वतः येऊन मास्तरांना सांगितलं, "तुमच्यामुळे झालं हो." मास्तर म्हणाले, "छान झालं," आणि त्यांना ते मनापासून वाटलं, कारण पोपटाला तरी कुणी फसवलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी ते स्टुडिओत गेले. "तो रंगीत छापून द्या," म्हणाले. "मोठा."

स्टुडिओवाल्याने फोटो उघडला आणि जिभेने च्यक् केलं. "पिवळेपणा थोडा कमी करू का? एक बटण आहे."

"नको."

"अहो, दिवाणखान्यात लावणार ना? येणारे-जाणारे बघतील."

"बघू दे," मास्तर म्हणाले. "काही करू नका. आहे तसा द्या."

घरी येऊन त्यांनी कोपरवाला फोटो उतरवला आणि त्याच खिळ्यावर हा लावला. खिडकी उघडली. दुपारचा उजेड थेट भिंतीवर आला. समोर खुर्ची ओढून ते बसले. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेऊन नीट नाकावर बसवला, आणि इतक्या महिन्यांनी तिच्याकडे बघितलं, पुरेसं, घाई न करता. आधी कप. मग पडदा. मग ती.

तिने विचारलं होतं आणि त्यांनी न बघताच उत्तर दिलं होतं.

"हो गं," मास्तर म्हणाले. "दिसतेयस."